आपली क्यू आपण बांधताना

गणपतीला गावी जायचं म्हणून बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या कितीतरी घरांत दोन महिने आधीच सकाळी आठच्या ठोक्याला कुणीतरी मोबाइल घेऊन बसलेलं असतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. कोकणकन्या, मांडवी, तुतारी या गाड्यांची सणाच्या दिवसांतली कन्फर्म तिकिटं बघता बघता संपतात, आणि मग हातात येतो तो वेटिंगचा आकडा. पुढचे दोन महिने घरातली सगळी मंडळी त्या आकड्याकडे डोळे लावून असतात. दहा आकडी पीएनआर टाकायचा, आपण कितवर आलो ते बघायचं.

अंधेरीपासून विद्याविहारपर्यंतच्या अभियांत्रिकी कॉलेजांत दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्सचा विषय असतो आणि त्यात क्यू असते. पण पुस्तकातली क्यू फार शिस्तीची. मागून आत यायचं, पुढून बाहेर पडायचं, संपलं. वेटिंग लिस्ट तशी नाही. तिच्यातून माणसं मधूनच निघून जातात. आत असलेला प्रत्येक जण कधीही ‘माझा नंबर कितवा?’ असं विचारू शकतो. पुढून निघालेला माणूस थेट स्वतःच्या बर्थवर जात नाही, आधी आरएसीत, म्हणजे दोघांत वाटून घ्यायच्या बर्थवर, थांबतो. यादी एका मर्यादेनंतर बंद होते. आणि शेकडो हात एकाच क्षणी तिच्यात शिरू बघतात. म्हणूनच स्वतःची क्यू बांधायला शिकायचं असेल तर मी विद्यार्थ्यांना हीच यादी घ्यायला सांगते. प्रवाशाला तिकिटावर दिसतात तेवढेच नियम घेऊन आपण एक छोटी वेटिंग लिस्ट बांधू. गाडीच्या मधल्या टप्प्यांचा, म्हणजे पनवेल ते रत्नागिरी रिकामा आणि पुढे भरलेला बर्थ, असल्या हिशेबांचा भाग बाजूला ठेवू. तो क्यूचा नव्हे, वेगळाच प्रश्न आहे.

क्यू लिहायला सांगितली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘ॲरे घेऊ की लिंक्ड लिस्ट?’ हा प्रश्न चौथा किंवा पाचवा असायला हवा. त्याआधी कागदावर दोन गोष्टी लिहा. या रांगेला कोणकोणते प्रश्न विचारले जाणार आहेत, ही एक. आणि काहीही झालं तरी कोणती अट मोडता कामा नये, ही दुसरी. हे दोन्ही नीट उतरलं की डेटा कसा साठवायचा ते बरंचसं आपोआप ठरतं. उतरलं नाही तर कितीही चांगला कोड लिहा, तो चुकीच्या रांगेचा असेल.

कागदावरचे प्रश्न ‘मागून घाल’ आणि ‘पुढून काढ’ एवढेच निघाले, तर स्वतःची क्यू लिहूच नका. पायथनमध्ये डेक आहे, जावात ॲरेडेक आहे, सी प्लस प्लसच्या स्टँडर्ड लायब्ररीत क्यू तयार मिळते. वर्षानुवर्षं वापरून घासूनपुसून निघालेला कोड आहे तो. फक्त पायथनची साधी लिस्ट क्यू म्हणून वापरू नका. तिच्या सुरुवातीचा घटक काढला की मागचे सगळे घटक एकेक घर पुढे सरकवावे लागतात. यादीत एक लाख घटक असतील तर प्रत्येक वेळी जवळपास लाखभर हालचाली होतात. पाच घटकांच्या चाचणीत हे कधीच दिसत नाही आणि खरा वापर सुरू झाल्यावर प्रोग्राम रखडतो.

आपल्या वेटिंग लिस्टचे प्रश्न मात्र जास्त आहेत. नवा प्रवासी जोडायचा. एखाद्याचं तिकीट रद्द करायचं, तो यादीत कुठेही असो. जागा झाली की पुढच्याला वर सरकवायचं. कुणाचाही आत्ताचा क्रमांक सांगायचा. जागा संपली की नवीन घ्यायला नकार द्यायचा. यातला ‘कुठूनही काढ’ आणि ‘क्रमांक सांग’ हे दोन प्रश्न तयार क्यूला झेपत नाहीत, आणि तेवढ्यासाठीच आपण कामाला बसतो आहोत.

इथे थांबून एक गोष्ट ठरवायची असते, ती बहुतेक जण विसरतात. रांगेत उभं कोण आहे, तिकीट की माणूस? एका साध्या आरक्षण तिकिटावर सहा जणांपर्यंत नावं असतात. घरातले चौघे एकाच पीएनआरवर निघाले आणि त्यांना वेटिंग ३१ ते ३४ मिळालं. त्यातला एक जण नंतर येणार नाही म्हणाला आणि फक्त त्याचं नाव रद्द केलं. किंवा चौघांपैकी पहिल्या दोघांना जागा मिळाली, उरलेले दोघे अजून यादीत. तिकीट हा घटक मानला तर या दोन्ही वेळी अर्धा घटक पुढे आणि अर्धा मागे अशी अवस्था येते आणि कोडमध्ये अपवादांचं जंगल माजतं. म्हणून घटक म्हणजे एक प्रवासी, आणि पीएनआर ही त्या प्रवाशांना बांधणारी खूण. क्यूचा घटक नेहमी असा निवडा की तो एकतर पूर्ण आत असेल नाहीतर पूर्ण बाहेर.

आता त्या आकड्याकडे वळू. तिकिटाची स्थिती बघताना वेटिंगचे दोन आकडे दिसतात: तिकीट काढलं तेव्हाचा आणि आत्ताचा. तेव्हा ७८, आता ३४. क्यूची रचना शिकणाऱ्याने या दोन आकड्यांकडे बराच वेळ पाहावं असं मला मनापासून वाटतं, कारण अख्खी रचना त्यांच्यात आहे. पहिला आकडा एकदा दिला की बदलत नाही. दुसरा सतत बदलतो, आणि तो स्वतः बदललेला नसतो, पुढची माणसं कमी झालेली असतात. म्हणजे पहिला साठवायचा आणि दुसरा मोजायचा. विद्यार्थी नेमकं उलटं करतात. प्रत्येक प्रवाशाच्या नोंदीत ‘सध्याचा क्रमांक’ ठेवतात आणि कुणी रद्द केलं की मागच्या सगळ्यांच्या नोंदींत एक वजा करत बसतात. तीनशे जणांच्या यादीत पाचव्याने रद्द केलं तर २९५ नोंदी बदलायच्या. शिवाय बदलता बदलता मध्येच प्रोग्राम थांबला तर अर्ध्यांचे आकडे नवे, अर्ध्यांचे जुने. जी गोष्ट इतर नोंदींवरून काढता येते ती साठवायची नाही, हा नियम क्यूपुरता नाही, पण क्यूत तो फार लवकर कळतो.

आपण मात्र एक सुधारणा करू. आपला न बदलणारा आकडा यादी सुरू झाल्यापासून नुसता वाढत जाणारा अनुक्रमांक असेल. पहिला प्रवासी १, दुसरा २, आणि रद्द झालेल्यांचे आकडे पुन्हा कुणालाही द्यायचे नाहीत. ज्याचा अनुक्रमांक लहान तो पुढे, एवढी एकच कसोटी उरते. वेळेवर, म्हणजे घड्याळाच्या नोंदीवर क्रम ठरवू नका. दोन विनंत्यांची वेळ अगदी सारखी निघू शकते, दोन सर्व्हरची घड्याळं थोडी पुढेमागे असू शकतात. मोजणीचा आकडा कधी मागे जात नाही.

आता मोडू नये अशा अटी. प्रवासी तीनपैकी एका ठिकाणी असतो: कन्फर्म, आरएसी किंवा वेटिंग. आरएसीत दोन जण साइड लोअर बर्थ वाटून घेतात, म्हणजे आरएसीच्या जागाही ठरलेल्या आहेत. त्यावरून पहिली अट अशी: आरएसीत एक जण जरी असला तरी कन्फर्म बर्थ रिकामा असता कामा नये. दुसरी अट: वेटिंगमध्ये एक जण जरी असला तरी आरएसीची जागा रिकामी असता कामा नये. तिसरी: वेटिंगमधल्या कुणाचाही अनुक्रमांक आरएसीतल्या कुणाच्याही अनुक्रमांकापेक्षा लहान असता कामा नये. चौथी हिशेबाची: कन्फर्म, आरएसी, वेटिंग आणि रद्द यांची बेरीज आजवर दिलेल्या अनुक्रमांकांइतकीच भरली पाहिजे. या चार ओळी कोडच्या वरच टिप्पणी म्हणून लिहून ठेवा. पुढे मी त्यांचा खरा उपयोगही सांगणार आहे.

कागदावर एक छोटी गाडी चालवून बघू. तीन बर्थ, आरएसीच्या दोन जागा. प्रवासी आले क, ख, ग, घ, च, छ, ज, झ या क्रमाने. क, ख, ग कन्फर्म झाले. घ आणि च आरएसी १ आणि २. छ, ज, झ वेटिंग १, २, ३. आता ज ने रद्द केलं. फक्त झ चा आकडा ३ वरून २ झाला, बाकी कुणाला फरक नाही. मग ख ने रद्द केलं. आता दोन हालचाली व्हायला हव्यात. घ ला बर्थ मिळाला, च आरएसी १ झाला. आरएसीत एक जागा मोकळी झाली, तिथे छ आला, आणि झ वेटिंग १ वर पोचला. घाईत कोड लिहिणारा रिकामा बर्थ थेट वेटिंगच्या पहिल्याला, म्हणजे छ ला देऊन टाकतो. संख्येचा हिशेब तेव्हाही जुळतो, सगळी बेरीज बरोबर येते, पण घ आणि च यांच्यावर अन्याय झालेला असतो. तिसरी अट वर लिहिली तशी ही चूक पकडत नाही, कारण छ गेल्यावर मागे उरलेले सगळे क्रमानेच असतात; फक्त कन्फर्म झालेल्याचा अनुक्रमांक आरएसीतल्यांपेक्षा मोठा निघतो. म्हणून ती अट कन्फर्म आणि आरएसी यांच्यातही लावून घ्या.

एवढं झाल्यावर डेटा साठवण्याचा विषय काढायचा. आपल्याला एक नव्हे, दोन निरनिराळ्या क्यू लागणार आहेत. मोबाइलवरून आणि खिडकीवरून येणाऱ्या विनंत्या आधी कुठेतरी जमा व्हायला हव्यात, त्यातून एकेक उचलून प्रक्रिया करायची. या विनंत्यांच्या क्यूत मधून कुणी निघत नाही, तिची लांबीही आधी ठरवता येते. तिच्यासाठी वर्तुळाकार ॲरे उत्तम. आठ घरांचा ॲरे घ्या, घरांचे क्रमांक ० ते ७. ‘सुरुवात’ आणि ‘संख्या’ असे दोनच आकडे ठेवा. सुरुवात ६ आणि संख्या ३ असेल तर घटक ६, ७ आणि ० या घरांत आहेत. पुढचा घटक कुठे जाईल? सुरुवात अधिक संख्या, म्हणजे ९, त्याला ८ ने भागून उरलेली बाकी १. घर क्रमांक १.

बरीच पुस्तकं इथे ‘सुरुवात’ आणि ‘शेवट’ असे दोन पॉइंटर ठेवतात. मग दोन्ही पॉइंटर एकाच घरावर आले की क्यू पूर्ण भरली आहे की पूर्ण रिकामी, हे कळत नाही, आणि ते कळावं म्हणून एक घर कायम रिकामं सोडतात. संख्या वेगळी ठेवली की हा गोंधळच राहत नाही. लांबी दोनच्या घातात, म्हणजे ८, १६, ३२ अशी ठेवली तर भागाकाराऐवजी बिटवाइज अँड वापरता येतो. पण तो बदल शेवटी करा, आधी नाही.

वर्तुळाकार ॲरे मोठा करताना हमखास घसरायला होतं. आठचा सोळा केला आणि घरं होती तशीच उचलून ठेवली, तर ६ आणि ७ मधले घटक जागेवर राहतात, पण तिसरा घटक ० मध्येच राहतो. नव्या हिशेबाने तो ८ मध्ये हवा. प्रोग्राम ८ मध्ये बघतो आणि रिकामं घर वाचतो. म्हणून नक्कल करताना घरांच्या क्रमाने नव्हे, रांगेच्या क्रमाने करा: सुरुवातीपासून एकेक घटक उचलून नव्या ॲरेत ०, १, २ असे मांडा आणि सुरुवात ० करा. आणि पुढून घटक काढला की ते घर स्वच्छ पुसा. जावा किंवा पायथनमध्ये घर पुसलं नाही तर काढलेली वस्तू ॲरेने धरून ठेवलेलीच राहते आणि मेमरी मोकळी होत नाही.

आता मुख्य यादी. मधून माणूस काढायचा आहे, म्हणून दुहेरी लिंक्ड लिस्ट, आणि माणूस पटकन सापडला पाहिजे, म्हणून सोबत एक हॅश मॅप. मॅपमध्ये अनुक्रमांक टाकला की यादीतली त्याची गाठ (नोड) हातात येते. तिच्या मागच्या गाठीला पुढच्या गाठीशी जोडलं की माणूस यादीबाहेर. यादी तीनशेची असो की तीन लाखांची, काम तेवढंच. एकट्या लिंक्ड लिस्टला शोधायला वेळ लागला असता, एकट्या मॅपला क्रम माहीत नसता. दोघांनी मिळून एकमेकांची उणीव भरून काढली.

लिंक्ड लिस्टच्या दोन्ही टोकांना एकेक खोटी गाठ कायमची ठेवा, जिच्यात प्रवासी नसतो. मग ‘पहिलाच काढतोय का’, ‘शेवटचाच काढतोय का’, ‘एकच उरलाय का’ हे सगळे जर-तर गळून पडतात, कारण खऱ्या प्रत्येक गाठीला दोन्ही बाजूंना शेजारी असतोच. रद्द करण्याचं काम मग एवढंच उरतं:

गाठ शोध, नसेल तर ‘आधीच रद्द’ सांगून परत फीर.
गाठीच्या मागच्याला गाठीच्या पुढच्याशी जोड.
गाठीच्या पुढच्याला गाठीच्या मागच्याशी जोड.
मॅपमधून अनुक्रमांक काढ.
गाठ ज्या ठिकाणची होती, तिथून पुढची बढती सुरू कर.

पहिल्या ओळीचं महत्त्व कमी समजू नका. लोकलमध्ये बसून तिकीट रद्द करणाऱ्याचं नेटवर्क मध्येच जातं, काही झालं की नाही ते कळत नाही आणि तो बटण पुन्हा दाबतो. दुसऱ्या वेळी आपल्या कोडने चूक दाखवून कोसळायचं नाही, आणि दुसऱ्याच कुणाला वर ढकलायचंही नाही. तेच काम पुन्हा सांगितलं तरी परिणाम एकदाच व्हायला हवा.

राहिला तो आत्ताचा क्रमांक. सोपं उत्तर: यादीच्या सुरुवातीपासून मोजत या, आपला माणूस येईपर्यंत. एका गाडीच्या एका वर्गाची वेटिंग लिस्ट फार तर काहीशेची असते, आणि काहीशे गाठी मोजायला संगणकाला लागणारा वेळ नेटवर्कवरून उत्तर पोचायच्या वेळापुढे नगण्य आहे. माझं मत स्पष्ट आहे: इथे मोजणीच ठेवा आणि कोड साधा राहू द्या. पण तुमची रांग लाखांची असेल आणि दर सेकंदाला हजारो जण आपला नंबर विचारत असतील, तर फेनविक ट्री शिकून घ्या. पीटर फेनविक यांनी ती १९९४ मध्ये मांडली. साध्या ॲरेतच ती मावते. कल्पना अशी की प्रत्येक घरात एकाचाच नव्हे, एका तुकडीचा हिशेब ठेवायचा, आणि तुकडी किती मोठी ते घराच्या क्रमांकातला सर्वांत खालचा बिट ठरवतो. अनुक्रमांक १३ पर्यंत किती जण अजून यादीत आहेत? घर १३ मध्ये फक्त १३ चा हिशेब आहे. घर १२ मध्ये ९ ते १२ चा. घर ८ मध्ये १ ते ८ चा. तीन घरांची बेरीज केली की उत्तर. १३ ने रद्द केलं तर १३, १४, १६, ३२ अशा घरांतून एकेक वजा करत जायचं. हजारभर अनुक्रमांकांसाठी जास्तीत जास्त दहा-अकरा घरं बघावी लागतात, दहा लाखांसाठी वीस-एकवीस. अनुक्रमांक न बदलणारा ठेवला होता, त्याचं फळ इथे मिळतं. तो बदलता असता तर ही युक्ती लागूच पडली नसती.

यानंतरचा भाग सर्वांत कठीण, आणि परीक्षेत तो फारसा विचारला जात नाही. सकाळी आठला एकाच क्षणी शेकडो विनंत्या येतात. समजा दोन थ्रेडनी ‘पुढचा अनुक्रमांक कोणता’ हे वाचलं, दोघांनाही ७८ दिसलं, दोघांनीही ७८ दिला. आकडा वाचणं, वाढवणं आणि यादीत गाठ जोडणं, ही तिन्ही कामं एकाच कुलुपाच्या (लॉकच्या) आत झाली पाहिजेत. आकड्यापुरतं कुलूप लावून जोडणी बाहेर ठेवली तर ७९ वाला ७८ च्या आधी यादीत बसू शकतो आणि क्रमाची अट मोडते.

याहून बारीक चूक रद्द करताना होते. ख ने रद्द केलं, बर्थ रिकामा झाला, आणि घ ला वर घेण्याआधी कुलूप सुटलं. त्या फटीत एक नवीन विनंती आली. तिला रिकामा बर्थ दिसला आणि तिने तो घेतला. दोन महिने ताटकळलेला घ जिथे होता तिथेच. म्हणून रद्द करणं आणि त्यामागून येणारी सगळी बढती संपेपर्यंत कुलूप सोडायचं नाही. अटी कुलूप लावण्याआधी पाळलेल्या असतात, उघडल्यावर पाळलेल्या असतात, मधल्या क्षणी त्या मोडलेल्या असतात. ते मोडलेलं चित्र बाहेरच्या कुणालाही दिसू न देणं हेच कुलपाचं काम. वर अटी लिहून ठेवायला सांगितल्या, त्यांचा पहिला उपयोग हा. कुलूप कुठून कुठपर्यंत लावायचं ते अटी सांगतात.

विनंत्यांच्या क्यूत आणखी एक गोष्ट सांभाळायची. क्यू रिकामी असेल तर काम करणारा थ्रेड झोपतो आणि नवी विनंती आली की त्याला उठवतात. उठल्यावर त्याने ‘क्यू अजून रिकामीच आहे का’ हे पुन्हा तपासलं पाहिजे, म्हणजे ‘जर’ नव्हे, ‘जोपर्यंत’ लिहायचं. कारण तो उठेपर्यंत दुसऱ्या थ्रेडने ती विनंती उचललेली असू शकते, आणि कधी कधी कुणी न उठवताही थ्रेड जागा होतो. ही एका शब्दाची चूक महिनोन् महिने लपून राहते.

क्यू भरली तर काय करायचं हेही आधीच ठरवा. वेटिंगची मर्यादा संपली की तिकिटाच्या पानावर ‘रिग्रेट’ दिसतं. तो नकार आहे आणि तो योग्य आहे, कारण जागा मिळण्याची आशाच नाही अशा माणसाला यादीत घेऊन त्याचे पैसे आणि दिवस अडकवण्यात अर्थ नाही. दुसरा मार्ग म्हणजे जागा होईपर्यंत येणाऱ्याला दारात थांबवून ठेवणं. विनंत्यांच्या क्यूत थोडा वेळ तो चालतो. तिसरा मार्ग सर्वांत जुना घटक टाकून नवा घेणं. तापमानाच्या नोंदींसारख्या ठिकाणी तो बरोबर आहे, माणसांच्या रांगेत कधीच नाही. चौथा मार्ग, मर्यादाच न ठेवणं, हा मार्ग नव्हे. त्यात नकार मेमरी संपल्यावर मिळतो आणि तेव्हा आतले सगळेच बुडतात.

‘मग काहींना प्राधान्य द्यायचं असेल तर?’ हा प्रश्न हमखास येतो आणि लगेच सगळे प्रायॉरिटी क्यूकडे, म्हणजे हीपकडे धावतात. रेल्वेच्या तिकिटांवर बघा, वेगवेगळ्या वेटिंग लिस्ट आहेत: सर्वसाधारण जीएनडब्ल्यूएल, मधल्या स्थानकांची आरएलडब्ल्यूएल, पूल कोट्याची पीक्यूडब्ल्यूएल, तत्काळची टीक्यूडब्ल्यूएल. प्रत्येकीची रांग वेगळी, आणि चार्ट बनवताना तत्काळच्या वेटिंगआधी जीएनडब्ल्यूएलचा विचार होतो. प्राधान्याचे प्रकार मोजके असतील तर हाच नमुना घ्या. प्रत्येक प्रकाराची साधी क्यू, आणि ‘आता कोणत्या रांगेतून घ्यायचं’ एवढंच ठरवणारं एक छोटं फंक्शन. नियम बदलला तर ते फंक्शन बदलायचं, रांगांना हात लावायचा नाही. हीप वापरावीच लागली तर लक्षात ठेवा, सारख्या प्राधान्याच्या दोघांत आधी आलेला आधी निघेल याची हमी ती देत नाही. जावाच्या प्रायॉरिटीक्यूच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणून तुलना प्राधान्य आणि अनुक्रमांक या जोडीवर करा.

हाच मेळ मोठ्या प्रमाणावर बघायचा तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे नियम वाचा. १९९४ पासून तिथे सौदे संगणकाच्या पडद्यावर जुळवले जातात, आणि क्रम ठरतो आधी किमतीने, मग वेळेने. अशा ऑर्डर बुकचं मॉडेल बांधायचं तर प्रत्येक किमतीची एक साधी रांग, किमती क्रमाने लावलेल्या, आणि ऑर्डर क्रमांकावरून गाठ शोधणारा मॅप. आपल्या वेटिंग लिस्टचीच ही भावंडं. ऑर्डरमधली संख्या कमी केली तर जागा टिकते, वाढवली किंवा किंमत बदलली तर ऑर्डर मागे जाते, हा नियमही शिकण्यासारखा. रांगेतल्या नोंदीत बदल झाल्यावर तिची जागा राहते की जाते, हे प्रत्येक क्यूच्या रचनेत लिहून ठेवावं लागतं.

आता चाचणी. चार-पाच उदाहरणं हाताने लिहून क्यू तपासली असं समजू नका. त्याऐवजी दुसरी एक अगदी बाळबोध वेटिंग लिस्ट लिहा: एकच साधी यादी, क्रमाने सगळे प्रवासी, रद्द झाला की यादीतून काढला. पहिले जितके बर्थ तितके कन्फर्म, पुढचे आरएसी, उरलेले वेटिंग. वीसेक ओळींत होते. ती हळू चालेल, चालू द्या. मग एक प्रोग्राम लिहा जो वाटेल त्या क्रमाने जोडणं आणि रद्द करणं अशा हजारो कृती दोन्ही याद्यांवर करतो, आणि प्रत्येक कृतीनंतर दोन्हींची उत्तरं जुळतात का आणि चारही अटी टिकतात का हे बघतो. अटींचा दुसरा उपयोग हा. बर्थ दोन-तीनच ठेवा, आरएसी दोनच, म्हणजे यादी सारखी भरते आणि रिकामी होते आणि टोकाचे प्रसंग लवकर येतात. कृतींचा क्रम ज्या सीडवरून निघाला तो सीड छापून ठेवा. चूक सापडली की तोच सीड देऊन तीच चूक पुन्हा घडवता येते. मग कृती एकेक कमी करत जा. बहुतेक वेळा सात-आठ कृतींत चूक उघडी पडते आणि ती कागदावर हाताने चालवून बघता येते.

शेवटचं काम मेमरीबाहेरचं. वीज गेली आणि सर्व्हर बंद पडला तर लिंक्ड लिस्ट, मॅप, सगळं नाहीसं होतं. म्हणून प्रत्येक कृती आधी फाइलमध्ये एका ओळीत लिहायची, ती डिस्कवर पोचल्याची खात्री करायची, मग मेमरीतली यादी बदलायची आणि त्यानंतरच प्रवाशाला उत्तर द्यायचं. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की त्या ओळी पहिल्यापासून वाचत यादी पुन्हा उभी करायची. यासाठी आपली बढती प्रत्येक वेळी अगदी तशीच घडली पाहिजे, म्हणजे तिच्या निर्णयात घड्याळ किंवा रँडम आकडा कुठेही नको. शेवटची ओळ अर्धवट लिहिली गेली असेल तर ती सोडून द्यायची. त्या प्रवाशाला उत्तर गेलेलं नसतं, तो पुन्हा प्रयत्न करेल. हे तपासायला चाचणीच्या प्रोग्राममध्ये अधूनमधून मेमरीतली यादी टाकून द्या, फाइलवरून नवी बांधा आणि त्या बाळबोध यादीशी पुन्हा ताडून पाहा.